टवका उडण्याआधी थर मोजा

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगावच्या मध्ये, घोड नदीच्या काठी कळंब आहे. तिथून रोज चाकणला कामाला जाऊन-येऊन असलेली एखादी गाडी तीन वर्षांनी समोरून न्याहाळा. बॉनेटच्या पुढच्या कडेला टवके, त्यातल्या दोन-तीन टवक्यांच्या मधोमध तांबूस डाग. चाकामागची सिल हाताला खरखरीत लागते. दारांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. वर्षाला २०,००० किलोमीटर सहज पडणाऱ्या गाडीच्या रंगाचे याहून वेगळे काही होत नाही. मालक आपल्या वर्कशॉपमध्ये येतो आणि म्हणतो, ‘‘मस्त रबिंग-पॉलिश करा, वरून सिरॅमिक मारा, म्हणजे परत खडी लागली तरी काही व्हायला नको.’’

आणि आपल्यापैकी बरेच जण ‘होऊन जाईल’ म्हणतात. या अंकाचे संपादकीय त्या ‘होऊन जाईल’बद्दल आहे.

वरच्या वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी एका औषधावर टाकली आहेत. टवका म्हणजे आघात. जाळे म्हणजे घासणी, आणि ती बहुतेक वेळा रस्त्याने केलेली नसते, पुसणाऱ्या हाताने केलेली असते. तिसरे दुखणे रसायनाचे: पक्ष्यांची विष्ठा, बोअरच्या पाण्याचे डाग, डांबराचे ठिपके. या तिन्हींचे उपाय एकमेकांच्या कामाला येत नाहीत. उलट एकाचा उपाय दुसऱ्याचा धोका वाढवतो, कारण पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा थर थोडाथोडा खरवडणेच आहे.

म्हणून आधी थर. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली विद्युत-निक्षेपणाचा प्रायमर असतो, ज्याला आपण ई-कोट म्हणतो, साधारण २० मायक्रॉन. त्यावर सरफेसर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी ३५ ते ५० मायक्रॉनचा क्लिअर कोट. सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली, तर गाडीचा सगळा रंग दोन केसांएवढाही नाही, आणि त्यातला आपल्याला हात लावता येण्यासारखा क्लिअर कोट एका केसाहूनही पातळ. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. कटिंग कंपाउंड आणि लोकरी पॅडने एकदा जोरात काम केले की त्यातले काही मायक्रॉन जातात. पाणी टाकून बारीक पॉलिश पेपर फिरवला तर आणखी. गाडीच्या उभ्या आयुष्यात या थरातून आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नयेत, असे आमचे मत आहे. दर दिवाळीला ‘रबिंग’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पाच-सहा वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पोपडे दिसू लागतात, तेव्हा तो कंपनीच्या रंगाला नावे ठेवतो. रंग कंपनीचा होता, उतरवला कोणी?

थर मोजायचे यंत्र आता मोबाईलच्या किमतीतही मिळते. तरीही मंचर-नारायणगाव पट्ट्यातच नव्हे, पुण्यातल्या चकचकीत डिटेलिंग स्टुडिओंतसुद्धा ते अनेकदा कपाटात पडलेले असते. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी लावायचे आणि आकडे लिहून ठेवायचे, एवढेच काम. १२० च्या आसपास आकडे येत असताना एका दारावर २५० आले, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे. ६०० आले तर आत पुट्टी आहे. आणि ८० आले तर तुमच्या आधी कोणीतरी खूप मेहनत घेऊन गेलेले आहे. तिथे पॉलिश मशीन चालू करू नका. लक्षात ठेवायचे ते एवढेच की साधे चुंबकीय यंत्र फक्त लोखंडी पत्र्यावर चालते. ॲल्युमिनियमच्या बॉनेटला एडी करंटचे लागते, आणि प्लास्टिकच्या बंपरवर ही दोन्ही गप्प बसतात. तिथे ध्वनिलहरींचे महाग यंत्र हवे, जे आपल्यापैकी फारसे कोणी घेणार नाही. बंपरवर अंदाजानेच, म्हणजे हात राखून, काम करायचे.

आता रस्ता. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, क्रशरमधून ताजी निघालेली, कडा धारदार. पावसाळ्यात खड्डे पडतात, ते मुरूम-खडीने भरले जातात, चार दिवसांत वाहनांखाली तो भराव सुटतो आणि रस्ताभर पसरतो. जूनच्या सुरुवातीपासून नवरात्रापर्यंत टवक्यांचा एक हंगाम. त्यानंतर ऊसतोडणी सुरू झाली की दुसरा. डिंभे धरणाच्या पाण्यावरचा ऊस इकडे पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला आणि तिकडे जुन्नरच्या विघ्नहर कारखान्याला जाऊ लागतो, तेव्हा ट्रॅक्टरच्या टायरांना लागलेली शेतातली माती, ढेकळे आणि त्यात रुतलेले दगड फाट्या-फाट्यावर डांबरावर सांडतात. त्याचा दोष ट्रॅक्टरवाल्याला देण्यात अर्थ नाही. शेतातून थेट हायवेला लागणारा रस्ता आहे, टायर धुवायचे कुठे? नारायणगावच्या टोमॅटोच्या आणि मंचरच्या कांद्याच्या गाड्यांची गर्दी वेगळीच.

पुढच्या गाडीने ‘दगड मारला’ असे गिऱ्हाईक नेहमी सांगते. बहुतेक वेळा पुढच्या टायरने तो फक्त उडवलेला असतो, आणि हवेत असलेल्या त्या दगडावर आपली गाडी स्वतःच्या वेगाने जाऊन आदळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी ६० ने गेले तर तोच दगड जवळपास निम्म्या जोराने लागतो. डंपरच्या मागे तीन सेकंदांचे अंतर ठेवले तर उडालेला बराच माल आपण पोचेपर्यंत खाली बसलेला असतो. हे सांगायला पैसे पडत नाहीत आणि सांगून बिलही होत नाही, म्हणून काउंटरवर ते कोणी सांगत नाही. आमचा आग्रह आहे की सांगावे. ज्याने हे सांगितले त्याच्याकडे गिऱ्हाईक फिल्मसाठीही येते, असा धंद्याचा अनुभव आहे.

सिरॅमिक कोटिंगकडे वळू. सिलिकाच्या कुळातला हा लेप सुकल्यावर दोन-तीन मायक्रॉनचा, पुष्कळदा त्याहूनही पातळ असतो. त्यावर पाणी थांबत नाही, चिखल लवकर सुटतो, पक्ष्याची विष्ठा क्लिअर कोटपर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, धुणे सोपे होते. रोजच्या गाडीला हे फायदे लहान नाहीत, आणि आम्ही सिरॅमिकच्या विरोधात नाही. पण बाटलीवरचा ‘९एच’ हा आकडा पेन्सिलींच्या मापातला आहे. ठरावीक कोनात धरलेली कोणती पेन्सिल लेपावर ओरखडा काढते, ही ती चाचणी. ९एच ही त्या मापातली सर्वांत कडक पेन्सिल. त्या चाचणीत खडीचा संबंध कुठेच येत नाही. खडीच्या आघाताची चाचणी वेगळी असते. वाहन उद्योगात तिचे यंत्रच निराळे आहे, ज्यात ठरावीक वजनाची खडी हवेच्या दाबाने रंगवलेल्या पत्र्यावर फेकतात आणि किती टवके गेले ते मोजतात. सिरॅमिकच्या एकाही विक्रेत्याने आम्हाला त्या यंत्रावरचा निकाल आजवर दाखवलेला नाही. दोन मायक्रॉनचा लेप ताशी ८० च्या वेगाने आदळणारा दगड थोपवेल असे सांगणारा माणूस एक तर अज्ञानी आहे किंवा त्याला महिन्याचे टार्गेट आहे.

आघाताला थोपवते ती जाडी आणि लवचिकता. पेंट प्रोटेक्शन फिल्मचा जन्मच त्यासाठी झाला: व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पंख्यांच्या पुढच्या कडा वाळूने झिजत, तेव्हा थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिकट फिल्म त्यावर लावली. आजची चांगली फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड, आणि दगड लागला की ती दबून परत येते. वरच्या लेपातले बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा कोमट पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. मात्र बाजारात ‘पीपीएफ’ या एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो. टीपीयू हे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. टीपीएच या नावाने स्वस्तात येणारी फिल्म पीव्हीसी कुळातली असते. ती लावायला सोपी वाटते, दिसतेही चकचकीत, पण ताणली की टीपीयूसारखी पूर्ववत होत नाही, आणि उन्हात कडक व पिवळी लवकर पडते. गिऱ्हाइकाला टीपीएच लावायला हरकत नाही. त्याच्या बिलावर टीपीएच लिहायला मात्र हरकत असू नये.

संपूर्ण गाडीला फिल्म लावायचा खर्च रोज चाकणला जाणाऱ्या पगारदार माणसाला झेपणारा नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. इथे आपल्या धंद्याची एक सवय आड येते. पैसे कमी असले की आपण ‘फक्त फ्रंट’ देतो आणि फ्रंट म्हणजे बंपर, कारण टवके तिथे सर्वांत जास्त दिसतात. पण बंपर प्लास्टिकचा आहे. तो गंजत नाही. त्याच्यावरचा टवका म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न, आणि वक्र आकारामुळे फिल्म कापायला, ताणायला सर्वांत जास्त वेळ आणि माल तिथेच जातो. गंज लागतो तो बॉनेटच्या पुढच्या कडेला, विंडशील्डच्या बाजूच्या खांबांना, छताच्या पुढच्या पट्टीला आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाकांमागच्या सिलला आणि मागच्या दाराच्या खालच्या वळणाला. पुढचे चाक जे उडवते ते नेमके तिथे बसते. म्हणून बजेट लहान असेल तर आमचा क्रम असा: आधी मडफ्लॅप, मग सिल आणि मागच्या कमानीच्या पुढचा भाग, मग बॉनेटची पुढची वीतभर पट्टी आणि खांब. बंपर शेवटी. गिऱ्हाइकाला हा क्रम आवडणार नाही, कारण सिल कोणी बघत नाही. समजावून सांगायचे. सहा वर्षांनी गाडी विकायला काढली की घेणारा खाली वाकून तेच बघतो.

मडफ्लॅपबद्दल जरा जास्त लिहायचा मोह होतो. काही कंपन्या तो नव्या गाडीबरोबर देतच नाहीत, काही ठिकाणी तो ॲक्सेसरी म्हणून वेगळा विकतात, आणि गावाकडे मालक ‘खड्ड्यात घासतो’ म्हणून काढून टाकतो. त्या वीतभर प्लास्टिकच्या तुकड्याने सिलचा जेवढा रंग वाचतो तेवढा कुठल्याही बाटलीने वाचत नाही. तसेच अनेक गाड्यांना मागच्या चाकाच्या पुढे कारखान्यातूनच एक छोटी पारदर्शक फिल्म लावून येते. ती दोन वर्षांत मळते, कडांना काळी होते, आणि पॉलिश करणारा पोरगा नखाने खरवडून ‘स्वच्छ’ करून देतो. पोरांना ते काय आहे हे सांगा.

फिल्म लावण्याआधीही थर मोजायचे, आणि ते फिल्मसाठी जास्त महत्त्वाचे. कारखान्यातला रंग भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. आपल्या बूथमध्ये ६० अंशांवर, आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये तर नुसत्या हवेवर वाळवलेला. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर फिल्म लावली आणि दोन-चार वर्षांनी काढली, तर तिच्याबरोबर रंगही सोलून येऊ शकतो. ताज्या रंगावर लावली तर आतले सॉल्व्हंट अडकते. महिनाभर तरी थांबा, आणि कोणते पॅनेल पूर्वी रंगवलेले होते हे लावतानाच बिलावर लिहून सही घ्या. फिल्म रंगीत किंवा मॅट असेल तर आणखी एक गोष्ट: गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. एमएच-१४ ची लाल गाडी काळी करून दिल्यावर पुढचे आरटीओ कोण बघणार, हे आधी ठरलेले बरे.

आता घासणीकडे. रोज सकाळी अंगणात उभ्या गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकणे हा आपल्याकडचा घरोघरीचा रिवाज आहे. रात्री दव पडते, त्यात रस्त्याची धूळ चिकटते, सकाळी ती वाळण्याच्या आत किंवा वाळल्यावर फडके फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात शेकडो बारीक ओरखडे पडतात. गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीजवळच्या गावांत यात उसाच्या चिपाडाची राख मिसळते. दिसायला ती कापसासारखी हलकी, पण तिच्यात सिलिकाचे प्रमाण भरपूर असते, म्हणजे कोरडी पुसली की तीच पॉलिश पेपरचे काम करते. आधी पाण्याच्या फवाऱ्याने सुटी राख-माती जाऊ द्यायची, मग फोम, मग वरून खाली हात, आणि सिलचे फडके वेगळे. चाकाचे फडके बॉनेटला लागताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. पाणी बोअरचे असेल तर ते गाडीवर उन्हात वाळू देऊ नका. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल डाग सोडतात, ते आधी साध्या व्हिनेगरच्या पातळ पाण्याने निघतात आणि महिनाभर राहिले तर क्लिअर कोट खोदून बसतात. प्रेशर गन टवक्याच्या कडेवर जवळून मारली तर रंगाचा कपटा उचलला जातो. हातभर अंतर राखा. डांबराचे ठिपके काढायला रॉकेल-पेट्रोल वापरणारे अजून आहेत. टार रिमूव्हर फारसा महाग नाही, फक्त तो लावल्यावर ती जागा धुवायची आणि तिथला मेण किंवा सिरॅमिकचा थर गेलेला असतो हे लक्षात ठेवायचे.

सणांचेही थोडे. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा होते, झेंडूचा हार ग्रिलपासून बॉनेटवर ताणून बांधला जातो, आणि हार सुतळीऐवजी तारेत ओवलेला असेल तर हायवेवर तो वाऱ्याने फडफडत बॉनेटवर रेघा ओढतो. ओले हळदीकुंकू पांढऱ्या रंगावर उन्हात वाळले की डाग धरते. लग्नसराईत नवरदेवाच्या गाडीवर फुले चिकटपट्टीने लावतात. मेच्या उन्हात ती पट्टी एक दिवस राहिली की डिंक क्लिअर कोटमध्ये रुततो. श्रद्धेला आणि हौसेला हात न लावता एवढे सांगता येते: पूजा झाली की संध्याकाळी पाणी मारा, हार सुतळीचा घ्या, पट्टी त्याच रात्री काढा.

उरला उडालेला टवका. या कामाला आपण सर्वांत कमी किंमत देतो आणि म्हणून ते करत नाही. पत्र्यापर्यंत गेलेला टवका पावसाळ्यात उघडा राहिला की गंज रंगाच्या खालून कडेकडेने पसरतो, आणि पुढच्या वर्षी शेंगदाण्याएवढा फुगवटा दिसतो. मग सगळे बॉनेट रंगवायचे बिल होते. टवका ताजा असताना तो अर्ध्या तासाचा उद्योग आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण-तेल काढायचे, गंज असेल तर टोकदार खरवडणीने चमकता पत्रा येईपर्यंत तेवढाच खड्डा साफ करायचा, इपॉक्सी प्रायमरचा ठिपका, मग गाडीच्या पट्टीवरचा कलर कोड पाहून आणलेला बेस, टूथपिकने, एकाच जाड थेंबाऐवजी दोन-तीन पातळ थरांत, शेवटी क्लिअर. तो हुबेहूब दिसणार नाही, विशेषतः मोती-पांढऱ्या तीन थरी रंगात तर नाहीच. गंज थांबणे हे काम आहे, दिसणे हा वरचा फायदा, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले की नंतर वाद होत नाही.

आणि पूर्ण पॅनेल रंगवावेच लागले, तर रंगाऱ्याच्या नाकाला रुमाल बांधून चालत नाही. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची वाफ घेतलेल्या माणसाला दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्या वाफेनेही अटॅक येतो. साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच खरा. तो नसेल तर किमान ऑरगॅनिक व्हेपरचे, वेळेवर बदललेले कार्ट्रिज. गाडीच्या रंगाच्या रक्षणाबद्दल एवढे लिहिल्यावर तो रंग मारणाऱ्याच्या फुप्फुसाबद्दल चार ओळी न लिहिणे शोभले नसते.

तर सूचना एकच, आणि ती अमलात आणायला कुठलेही नवे कोटिंग विकत घ्यावे लागत नाही. रोज हायवेला धावणाऱ्या प्रत्येक गाडीचा एक कागद ठेवा. पहिल्या भेटीत पॅनेलवार मायक्रॉनचे आकडे, पूर्वी रंगवलेले भाग, टवक्यांच्या जागा. दर पॉलिशनंतर आकडे पुन्हा. वर्षातून दोनदा टवके-तपासणी: एकदा मृगाच्या आधी, मेच्या शेवटी, आणि एकदा दसऱ्यानंतर, ऊसतोडणी सुरू होण्याआधी. तपासणीचे पैसे घ्या, थोडे का होईना, फुकट देऊ नका; फुकट तपासणीचा कागद गिऱ्हाईक घरी जपून ठेवत नाही. सिरॅमिक लावताना बिलावर एक ओळ छापून घ्या: ‘हा लेप धुणे सोपे करतो, दगडापासून संरक्षण देत नाही.’ फिल्मच्या बिलावर फिल्मचा प्रकार, जाडी आणि कोणकोणत्या पॅनेलवर लावली ते. या नोंदींचा एक साधा नमुना पुढच्या अंकात मधल्या पानावर छापत आहोत. फाडून भिंतीला लावा किंवा झेरॉक्स काढा. मराठीतच ठेवला आहे, म्हणजे तो कळंबच्या शेडमध्येही भरता येईल आणि पिंपरीच्या स्टुडिओतही.